आल्माला सांगायचं राहिलं होतं

हार्म ब्रुंकेनला घोड्याकडे पाय मागावा लागत नसे. तो घोड्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा, तिथून हात हळूहळू गुडघ्यापर्यंत खाली आणायचा, की घोडा आपणहून खूर उचलून त्याच्या मांडीवर ठेवून द्यायचा. नव्या घोड्याला हे शिकायला काही दिवस लागत. पण शिकला की तो विसरत नसे. बाहेर तोफा चालू असल्या तरी हार्मची बोटं खांद्याला लागली की घोड्याचं सगळं लक्ष त्या एका पायात गोळा व्हायचं.

तो नालबंद होता. सतराव्या आर्मीतल्या एका रसदीच्या तुकडीत. जर्मन फौज म्हटलं की लोकांना रणगाडे आठवतात, पण सतरावी आर्मी रशियात गेली ती बहुतेक पायी, घोड्यांच्या मागून. पीठ, दारूगोळा, तंबू, जखमी माणसं, सगळं गाड्यांवर होतं आणि गाड्या घोड्यांच्या जिवावर होत्या. त्यामुळे हार्मला कामाची कधी वाण पडली नाही.

या घोड्यांत एक घोडी त्याच्या घरची होती. आल्मा. कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाची, काळ्या आयाळीची, कपाळावर तिरका चांदवा. त्यांच्या उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गकडच्या घोड्या असतात तशी रुंद छातीची आणि जरा आळशी. लढाई सुरू झाली त्या उन्हाळ्यात गावात घोडे निवडायला समिती आली होती. लिंडनच्या झाडांखाली गावातले सगळे घोडे रांगेत उभे केले होते. दात पाहिले, खूर पाहिले आणि आल्मा पसंत पडली. हार्मचे वडील हिन्रिक ब्रुंकेन म्होरकी सोडेचनात. अधिकारी म्हणाला, "ब्रुंकेन, हात काढा." तरी सोडेनात. शेवटी त्यांनी म्होरकी त्या अधिकाऱ्याकडे न देता शेजारी उभ्या असलेल्या हार्मच्या हातात दिली.

"तुलाही बोलावणं आलंच आहे," ते म्हणाले. "नालबंदाला घोड्यांतच टाकतात. हिच्यावर लक्ष ठेव."

आई गेशे. तिनं शब्द वाया घालवले नाहीत. नेमणुका करणाऱ्या कारकुनाच्या घरी धुरावलेल्या डुकराची एक अख्खी मांडी पोचती केली, आणि हार्म नि आल्मा एकाच तुकडीत गेले. पुढे ही गोष्ट तुकडीत सगळ्यांना कळली ती युपमुळे. युप एसर कोलोनचा, गाडीवान, तोंडाचा फाटका. तो म्हणायचा, "आम्ही सगळे लढायला आलो, हा एकटा नांदायला आलाय. आईनं घोडीशी लग्न लावून पाठवलंय. हुंड्यात मांडी."

"तुझ्या आईनं काय दिलं होतं?" हार्म विचारायचा.

"आईनं? तिनं दार लावून घेतलं रे. म्हणाली, गेला एकदाचा."

आर्मीत घोडा आला की त्याच्या पुढच्या खुरावर तापल्या लोखंडानं नंबर डागायचा असतो. खूर नखासारखाच, जनावराला दुखत नाही, नुसता वास सुटतो. आल्माच्या खुरावर नंबर डागला तो हार्मनंच. खूर वाढत राहतो, नंबर झिजतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा डागावा लागतो. हार्म तो दरवेळी नीट, ठळक डागायचा. काम म्हटलं की नीटच, ही ब्रुंकेनांच्या घरची सवय.

युक्रेनमधल्या पोल्टाव्याच्या बाजूला एका खेड्यात त्यानं पहिल्यांदा दुसऱ्याचं घोडं घेतलं. तुकडीचे घोडे मरत होते आणि जागा भरून काढायच्या होत्या. घोडं बारीक, मातकट रंगाचं. घरची बाई म्होरकी धरून गावाच्या टोकापर्यंत बरोबर चालत आली. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, फक्त सोडत नव्हती. हार्मनं हातोडीचा दांडा तिच्या बोटांवर मारला. मोडतील इतका जोरात नाही, सुटतील इतका. एकेक बोट सुटत गेलं. त्याला लिंडनची झाडं आठवली, आणि आठवून तो पुढं चालू लागला. ते घोडं हिवाळ्यात चिखलात बसलं ते उठलं नाही.

आणखी एकदा, एका शहराबाहेर, तुकडीच्या गाड्या एका खाणीपाशी बोलावल्या होत्या. गाड्या रिकाम्या गेल्या आणि कोट भरून परत आल्या. बायकांचे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे, काहींवर ज्यूंना लावावी लागणारी पिवळी खूण शिवलेली. हार्मनं त्या घोड्यांचे नाल तपासले, दोन सैल होते, ते बसवले. त्यानं काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. कोट कोणाचे हे त्याला कळलं होतं, युपला कळलं होतं, सगळ्या तुकडीला कळलं होतं.

त्रेचाळीसच्या वसंतात आर्मी काळ्या समुद्राजवळच्या कुबानच्या दलदलीत अडकून पडलेली असताना हार्मला रजा मिळाली. कितीतरी गाड्या बदलून तो गावी पोचला तेव्हा आई अंगणात लाकडं रचत होती. तिच्या अंगावर काळा पोशाख होता. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवलास?"

"गाडीत खाल्लं. बाबा कुठायत?"

आईनं हात पुसले. "चल," ती म्हणाली, आणि घरात न जाता तबेल्याकडे निघाली.

तिकडे एक रीत आहे. घरचा मालक किंवा मालकीण गेली की जनावरांना सांगायचं. गाईंना उठवून उभं करायचं, घोड्याच्या कानाशी जायचं, मधमाश्यांच्या पेटीवर बोटानं टकटक करायची. मालक गेला, आता मालक अमुक. सांगितलं नाही तर जनावर खंगत जातं, माश्या पेटी सोडून जातात. सांगितलं की जनावर समजतं आणि नव्या मालकाच्या मागं चालू लागतं. चर्चच्या पाद्रीबाबांना हे अजिबात पटत नसे. पण त्यांचे स्वतःचे वडील वारले तेव्हा त्यांच्या स्वयंपाकिणीनं कोंबड्यांनासुद्धा सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी खिडकीतून ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं.

"सगळ्यांना सांगितलं," आई गव्हाणीला टेकून म्हणाली. "गाईंना, डुकराला, माश्यांना. तुझं नाव घेतलं. आल्मा तेवढी राहिली."

तिची गव्हाण रिकामी होती. इतक्या वर्षांत त्या जागी दुसरं जनावर बांधलं नव्हतं.

"बाबांना काय झालं होतं?"

"काय होणार. खोकला. तू वाटेत होतास. शेवटी शेवटी तुझ्यापेक्षा तिचीच चौकशी जास्त. मला राग आला होता, खरं सांगते."

हार्म हसला, आणि मग त्याला हसणं आवरेना, आणि ते हसणं राहिलं नाही. आईनं त्याला तिथंच गवतावर बसू दिलं.

"तिच्या कानाशी जाऊन सांग," थोड्या वेळानं ती म्हणाली. "नाव घेऊन. तूच सांगायचंस, दुसऱ्यानं सांगून चालत नाही. आणि तिला घेऊन ये. ती आली की मग घर पुरं झालं."

तबेल्यात एक मुलगी शेण काढत होती. ओदार्का. सरकारनं पूर्वेकडून कामाला धरून आणलेल्या पोरींपैकी. हार्मच्या जागी तिला दिलं होतं. आई म्हणाली, गाईंना तिचा हात आवडतो, पण पोर झोपेत रडते, मी तरी काय करू. रजेच्या शेवटच्या दिवशी ओदार्कानं हार्मला गाठलं आणि मोडक्यातोडक्या भाषेत आपल्या गावाचं नाव सांगितलं. गाव पोल्टाव्याजवळचं होतं. तिनं विचारलं, "तू तिथं गेला? घरं आहेत?"

"माहीत नाही," हार्म म्हणाला. त्याला माहीत होतं. ज्या खेड्यातून ते बारीक घोडं आणलं ते तिच्या गावाच्या शेजारचंच.

कुबानला परतल्यावर तो थेट आल्माकडे गेला. तिनं त्याच्या खिशात नाक घातलं आणि घरच्या वाळल्या सफरचंदाच्या फोडी शोधून काढल्या. तो कानाशी गेला. आणि त्याला सांगवेना.

"सांगितलंस का?" युपनं संध्याकाळी विचारलं. हार्मनं त्याला बाबांचं आणि त्या रीतीचं सांगितलं होतं.

"नाही."

"का? रडेल म्हणून?"

"सांगितलं की मी तिचा मालक. मालकानं तिला घरी न्यायचं असतं. इथं चिखलात उभं राहून काय सांगू? आमच्या तबेल्यात नेईन, गव्हाणीशी बांधीन, मग सांगेन."

"म्हणजे तोवर तुझे बाबा तिच्यापुरते जिवंत."

"तसं म्हण."

युपनं सिगारेट अर्धी करून दिली. "चांगलंय. निदान एका जागी तरी कोणी जिवंत आहे."

त्या शरद ऋतूत आर्मी कुबान सोडून समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून क्रिमियात आली. माणसं आली, तोफा आल्या आणि घोडेही आले. हजारो. सपाट बुडाच्या नावांतून, दाटीवाटीनं. हार्मनं आपला कोट आल्माच्या डोळ्यांवर बांधला आणि सगळा वेळ तिच्या खांद्यावर बोटं टेकवून उभा राहिला. मधल्या पाण्यात विमानं आली तेव्हा तिनं पाय उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. युप म्हणाला, "हिला वाटतंय, तू नाल ठोकायला आणलंयस." त्या दिवसानंतर हार्म एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागला. आर्मी घोडे सोडत नाही. कोणी विचारलं तरी म्हणायचा, नाही विचारलं तरी म्हणायचा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आर्मीकडे जमिनीचं एक टोक तेवढं उरलं होतं. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथीकडून रशियन. ज्या नावा येत त्या माणसांनाच पुरत नव्हत्या. किनाऱ्यावरच्या कड्यांखाली माणसं उभ्याउभ्या झोपत. वरच्या पठारावर घोडे होते आणि त्यांना घालायला वाळक्या गवताशिवाय काही नव्हतं. घोडे एकमेकांची शेपटं चावून खात.

सार्जंट राडेमाखर हार्मला शोधत आला. तुकडीतला सगळ्यात जुना माणूस. शांतपणे बोलणारा.

"ब्रुंकेन, हुकूम आलाय. एकही घोडा त्यांच्या हाती लागता कामा नये."

हार्म पठारावरच्या घोड्यांकडे पाहू लागला.

"दुसऱ्या तुकड्यांनी काय केलं ऐकलंस ना? कड्यावर रांगेनं उभे केले आणि मशीनगन लावली. अर्धे खाली पडून सकाळपर्यंत ओरडत होते. मला ते नको. तू एकेक कर. तुझ्याजवळ ते उभे राहतात."

"मागच्या खेपेला आणले होते, सार्जंटसाहेब. नावेतून."

"मागच्या खेपेला जागा होती."

"आल्मा आर्मीची नाही. आमच्या घरची आहे. ही सगळी तुकडी साक्ष आहे."

राडेमाखरनं त्याच्याकडे पाहिलं. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच विचारावं तसं त्यानं विचारलं, "तिच्या खुरावर नंबर कोणी डागलाय?"

हार्मनं खिशातला चिमटा काढून पुन्हा खिशात टाकला.

"ती शेवटी," तो म्हणाला.

"शेवटी तर शेवटी."

कड्याच्या अलीकडे एक घळ होती, तिथून पाण्यापर्यंत उतार जायचा. युप एकेक घोडा आणायचा आणि म्होरकी धरून उभा राहायचा. घोड्याचा उजवा डोळा ते डावा कान, डावा डोळा ते उजवा कान, अशा दोन रेघा मनात ओढायच्या. त्या जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या बोटभर वर. तिथं गोळी नीट लागली तर घोडा खाली बसतो, बस इतकंच. हार्म खांद्यावर दोन बोटं टेकवायचा, हात खाली आणायचा. घोडा खूर उचलायचा. तीन पायांवर उभ्या घोड्याला मान झटकता येत नाही, त्याचं सगळं मन पायात असतं. हार्म खूर धरायचा नाही, नुसता स्पर्श ठेवायचा, आणि दुसऱ्या हातातलं पिस्तूल वर न्यायचा.

एकही चुकला नाही. इतकी वर्षं शिकवलेलं इतकं उपयोगी पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि एकदा हे मनात आल्यावर ते जाईना.

"जरा थांबू," युप मध्येच म्हणाला.

"थांबलो तर पुन्हा जमायचं नाही."

"माझ्यासाठी म्हणत होतो." युपनं बाही तोंडावरून फिरवली आणि पुढचा घोडा आणायला गेला.

दुपारी आल्मा तेवढी राहिली. ती युपच्या मागून आली, वाटेत पडलेल्यांना हुंगत. हार्मपाशी येऊन त्याच्या खिशात नाक घालून तिनं पाहिलं. खिशात गोळ्या होत्या. त्यानं खांद्यावर बोटं टेकवली. हात खाली येण्याआधीच तिनं खूर वर दिला.

खूर मांडीवर आला आणि हार्मनं खाली पाहिलं. एक खिळा सैल झाला होता. दुसरं काही सुचायच्या आत त्याचा हात खिशातल्या चिमट्याकडे गेला. त्यानं खिळा काढला. मग दुसरा. मग नालच काढला. मग तो उठून दुसऱ्या पायाकडे गेला.

"हार्म," युप हलक्या आवाजात म्हणाला, "काय करतोयस?"

"बिननालीचा घोडा पलटणीच्या कामाचा नाही. खूर झिजून लंगडी पडेल, मग कोणी ओढायला नेणार नाही. इथल्या एखाद्या बाईच्या हाती लागेल. नांगराला चालेल. मऊ मातीत बिननालीचं चालतं."

"इथं बाया राहिल्यात कुठं?"

"असतील. बाया असतातच."

त्यानं चारी नाल काढले. कानशीनं खुरावरचा नंबर घासून टाकला, पांढरी पूड त्याच्या गुडघ्यावर पडली. मग तो उभा राहिला, तिची मान दोन्ही हातांनी धरली आणि कानाशी गेला. इथं सांगायचं नव्हतं. गव्हाणीशी सांगायचं होतं. पण ती आता त्या गव्हाणीशी जाणार नव्हती, आणि न सांगता सोडली तर ती खंगून मरेल, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आईचं एक काम तरी पुरं करावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"आल्मा," तो म्हणाला, "मालक गेले. हिन्रिक ब्रुंकेन गेले. आता मालक मी. हार्म."

तिनं कान फिरवला आणि फुरफुरली. त्यानं तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि वरच्या पठाराकडे हाकललं. ती चार पावलं गेली, वळून पाहिलं. त्यानं दगड उचलून मारला. मग ती गेली.

युपनं पिस्तूल त्याच्या पट्ट्यातून काढून घेतलं आणि जमिनीत एक गोळी झाडली. "सार्जंटचे कान इकडे लागलेत," तो म्हणाला. "त्याचा हिशोब पुरा होऊ दे."

नाव आली तेव्हा ऊन उतरत होतं. लोक कंबरभर पाण्यात शिरून चढत होते. हार्मला युपनं ओढून वर घेतलं. राडेमाखर सगळ्यात शेवटी चढला. नाव सुटली आणि मागं सरत किनाऱ्यापासून वळली. हार्म मागच्या बाजूला दाटीत उभा होता. त्याला किनाऱ्याकडे पाहायचं नव्हतं आणि दुसरीकडे पाहायला जागा नव्हती.

घळीतून आल्मा उतरत होती. पडलेल्या घोड्यांमधून पाय जपून टाकत, घरच्या ओल्या कुरणात टाकायची तसे. ती पाण्याशी आली. थांबली. मग पाण्यात शिरली, आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, आणि मग तिचे पाय सुटले. पाण्यावर नुसती मान दिसू लागली.

"बघू नकोस," युप म्हणाला.

"मी सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"मालक मी म्हणून."

युपला ही रीत आता चांगली माहीत होती. त्यानं हार्मच्या खांद्यावर हात ठेवला आणि हा हात कुठं ठेवलाय हे लक्षात येऊन काढून घेतला.

घोडं पाण्यात किनारा शोधतं. किनारा दिसला की तिकडे वळतं. तिच्या मागं किनारा होता, पण ती मागं पाहतच नव्हती. तिची नजर नावेवर होती आणि नाव वेग घेत होती. कपाळावरचा चांदवा पाण्याबाहेर यायचा, जायचा. नावेतलं कोणीतरी म्हणालं, "फिर की गं माघारी," जणू ती त्याच्याच घरची होती.

राडेमाखर माणसांतून वाट काढत हार्मपाशी आला. त्यानं घोडी पाहिली, हार्मकडे पाहिलं. त्या एका गोळीबद्दल त्यानं विचारलं नाही. त्यानं खांद्यावरची बंदूक काढून हार्मच्या हातात दिली.

"लांब जायच्या आत," तो म्हणाला.

हार्मनं बंदूक खांद्याला लावली. दोन रेघा, त्यांची गाठ, बोटभर वर. नाव वर जायची तेव्हा चांदवा खाली जायचा. त्या दिवशी त्याचा एकही नेम चुकला नव्हता. त्यानं बोट ठेवलं आणि ते दाबलं जाईना. आवाज दिला तर ती आणखी जोर करेल, म्हणून त्याला ओरडताही येत नव्हतं. पाठ फिरवावी म्हटलं तर तेही जमेना. तो बंदूक रोखून तसाच उभा राहिला. चांदवा ठिपक्याएवढा झाला. मग पाण्यावरच्या उन्हाच्या ठिपक्यांतला कुठला तिचा हे कळेनासं झालं, आणि राडेमाखरनं त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली.

नाव रुमानियाला पोचली. उन्हाळा संपायच्या आत तिथंही सगळं कोसळलं आणि तिघंही कैदी झाले. राडेमाखर वाटेतच गेला. युप कैद्यांच्या छावणीत विषमज्वरानं गेला. शेवटच्या शुद्धीत तो हार्मला म्हणाला, "माझ्या घरी गाय-घोडा नाही. आईच्या मांजराला सांगशील?" हार्म पुढे कोलोनला गेला होता. तिथं बॉम्बहल्ल्यांत युपची गल्लीच राहिली नव्हती.

तो गावी परतला तेव्हा आई खूप वाकली होती. ओदार्का केव्हाच गेली होती. कुठं गेली, घरी पोचली का, कोणाला माहीत नव्हतं. आईनं चहा केला, वर साय घातली, हिरव्या कोबीची भाजी पुढे ठेवली आणि तो खाईपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाली, "चल."

तबेल्यात एक गाय होती. आल्माची गव्हाण अजून रिकामी होती. झाडून ठेवलेली.

"सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"कानाशी? नाव घेऊन?"

"हो."

आई गव्हाणीच्या कडेवर हात फिरवत होती. "मग? आली मागं?"

हार्मनं गाईकडे पाहिलं. "आली," तो म्हणाला.

गेशेनं मान हलवली. कितीतरी वर्षांत कोणी तिचा चेहरा असा सैल झालेला पाहिला नसेल. "शहाणीच होती," ती म्हणाली. "तुझे बाबा म्हणायचे, माणसापेक्षा हिला कळतं." मग तिनं कोपऱ्यातला गवताचा भारा उचलला आणि इतक्या वर्षांनी त्या गव्हाणीत गाईसाठी टाकला. पुढं कुठं, कशी, हे तिनं विचारलं नाही, आणि हार्मनं ते तिला कधी सांगितलं नाही.

त्यानं पुन्हा नाल ठोकला नाही. गावात ट्रॅक्टर येत होते, कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. ट्रॅक्टरची कामं तो चांगली करायचा. नवा दुरुस्तीवाला म्हणून त्याचं नाव झालं. त्याच्या दुकानासमोरून घोडागाडी गेली की तो आत जायचा आणि काहीतरी शोधत बसायचा.

बऱ्याच वर्षांनी गेशे वारली. शेजारची आल्के, आईची मैत्रीण, पुरल्यानंतर दोन दिवस वाट पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती आलीच.

"हार्म, गाईला सांगितलंस का? माश्यांना?"

"नाही."

"अरे, मग? सांगायला नको?"

तो सायकलीची साखळी पुसत होता. पुसायचा थांबला नाही. "मागं येतात," तो म्हणाला.

आल्केला ते कळलं नाही. तिनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग स्वतःच परसात गेली, पेटीवर बोटानं टकटक केली आणि हळू आवाजात गेशेचं नाव घेतलं. नव्या मालकाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. हार्मनं दार आतून लावून घेतलं होतं.